परदेशात राहणाऱ्या मराठवाड्याच्या माणसानं लोकसभेला मतदान कसं करावं

लातूर-उदगीरची मुलं एमबीबीएससाठी जॉर्जिया, किर्गिझस्तानला गेली आहेत. नांदेड, परभणी, बीडची माणसं दुबई-दम्मामला कामाला आहेत आणि संभाजीनगरचे इंजिनिअर जर्मनीत. लोकसभेची निवडणूक लागली की या सगळ्यांच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो: आपल्याला इथून मत देता येतं का?

मत देता येतं, पण तिथून नाही. नाव परदेशात बसून नोंदवता येतं, बटण दाबायला मात्र गावाकडच्या मतदान केंद्रावरच यावं लागतं. दूतावासात मतदान होत नाही, ऑनलाइन होत नाही, टपालानेही होत नाही. त्यामुळे एकच गोष्ट धरून चाला: मतदान एका दिवसाचं असलं तरी त्याची तयारी निवडणूक जाहीर होण्याच्या कितीतरी आधी करायची असते, आणि ती निम्मी तुम्ही परदेशात आणि निम्मी घरच्यांनी गावात करायची असते.

आधी पाहा, तुम्ही पात्र आहात का

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० मध्ये २०१० साली दुरुस्ती झाली आणि २०११ पासून अनिवासी भारतीयांना मतदार यादीत नाव घालता येऊ लागलं. अट सोपी आहे. तुम्ही भारताचे नागरिक असले पाहिजेत, वय १८ पूर्ण पाहिजे, आणि नोकरी, शिक्षण किंवा दुसऱ्या कारणानं तुम्ही परदेशात राहत असला पाहिजेत. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेलं नसावं. अमेरिकेचं ग्रीन कार्ड किंवा आखातातला निवास परवाना असला तरी हरकत नाही, कारण ते नागरिकत्व नव्हे. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड असलेल्यांना मात्र मत नाही. कार्डावर 'सिटिझन' असं लिहिलेलं असल्यामुळे बरेच जण गोंधळतात, पण ज्यानं दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला त्याचं भारतीय नागरिकत्व तिथंच संपतं.

वयाची मोजणी आता वर्षातून चार तारखांना होते: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. बारावीनंतर लगेच बाहेर गेलेल्या मुलांनी हे लक्षात ठेवावं. त्यांचं नाव गावातल्या यादीत कधी लागलेलंच नसतं, कारण अठरा पूर्ण व्हायच्या आतच ती विमानात बसलेली असतात. अशा मुलांसाठीही हाच रस्ता आहे.

सैन्यातले जवान आणि परदेशातल्या भारतीय दूतावासांत नेमणूक असलेले सरकारी कर्मचारी यांची गोष्ट वेगळी. ते 'सेवा मतदार' असतात आणि त्यांना टपाली मतपत्रिका मिळते. खासगी कंपनीत काम करणाऱ्याला ती सोय नाही.

पासपोर्टचं शेवटचं पान उघडा

सगळी गाडी इथं अडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. अनिवासी मतदाराचा मतदारसंघ ठरतो तो पासपोर्टवर छापलेल्या भारतातल्या पत्त्यावरून. जन्म कुठं झाला, शेती कुठं आहे, आईवडील कुठं राहतात, यावरून नाही.

आपल्याकडची कितीतरी मुलं शिकायला किंवा नोकरीला आधी पुण्यात जातात. हिंजवडीत नोकरी, वाकडला भाड्याची खोली, आणि पासपोर्टही तिथल्याच भाडेकरारावर निघतो. मग ती जर्मनीला गेली की कागदोपत्री त्यांचं 'गाव' वाकडच राहतं. अशा मुलानं केजच्या किंवा जिंतूरच्या यादीसाठी अर्ज केला तर तो टिकत नाही. वाकडच्या पत्त्यावर अर्ज केला तर पडताळणीला आलेल्या माणसाला तिथं भलतेच भाडेकरू भेटतात.

म्हणून जे अजून गेलेले नाहीत त्यांना कळकळीनं सांगणं आहे: पासपोर्ट काढताना गावाकडचा कायमचा पत्ता टाका. जे गेलेले आहेत त्यांनी पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी पत्ता बदलून घ्यावा. परदेशातल्या दूतावासातून नूतनीकरण करतानाही लक्ष ठेवा. तिथं परदेशातला पत्ता छापून घेतला, तर भारतातला पत्ता पासपोर्टवरून जातो आणि मतदार नोंदणीचा आधारच उरत नाही.

जुन्या पासपोर्टवर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद असं असेल तर त्याची काळजी करू नका. जिल्ह्यांची नावं बदलली, पण २०२४ ची लोकसभा निवडणूक औरंगाबाद आणि उस्मानाबाद याच नावांच्या मतदारसंघांत झाली. नोंदणीच्या वेळी निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर यादीतून मतदारसंघ निवडताना नवं नाव सापडलं नाही, तर जुनं शोधा.

जिल्हा आणि लोकसभा मतदारसंघ एकच असतो असं समजू नका

मराठवाड्यात आठ जिल्हे आणि लोकसभेच्या आठ जागा असल्यामुळे बहुतेकांना वाटतं की जिल्हा तोच मतदारसंघ. तसं नाही. औसा तालुका लातूर जिल्ह्यात आहे, पण लोकसभेला तो उस्मानाबाद मतदारसंघात मोडतो. लोहा-कंधार नांदेड जिल्ह्यात, पण खासदार लातूरचा. किनवट आणि हदगाव नांदेडमधले असून हिंगोलीत. परतूर आणि घनसावंगी जालन्यातले असून परभणीत. पैठण, सिल्लोड, फुलंब्री संभाजीनगर जिल्ह्यातले, पण मत जालन्यासाठी.

हे नुसतं माहितीसाठी नाही. २०२४ मध्ये हिंगोली, नांदेड आणि परभणीचं मतदान २६ एप्रिलला झालं, लातूर आणि उस्मानाबादचं ७ मे रोजी, आणि जालना, औरंगाबाद, बीडचं १३ मे रोजी. म्हणजे घनसावंगीच्या माणसानं जालन्याची तारीख बघून १३ मेचं तिकीट काढलं असतं, तर तो पोचेपर्यंत त्याच्या गावचं मतदान होऊन सतरा दिवस उलटलेले असते. कंधारच्या माणसाचं उलटं. नांदेड जिल्हा २६ एप्रिलला मत देत होता आणि त्याची पाळी ७ मेला होती. तेव्हा आपला विधानसभा मतदारसंघ कोणता आणि तो कोणत्या लोकसभेत येतो, हे आताच घरच्या एखाद्याच्या मतदार ओळखपत्राच्या आधारे यादीत शोधून लिहून ठेवा. त्यातूनच यादी भाग क्रमांकही, म्हणजे मतदार यादीच्या कितव्या भागात तुमची वस्ती येते तो आकडा, कळतो. तो पुढं लागणार आहे.

नमुना ६अ भरताना

अनिवासी मतदारासाठीचा अर्ज म्हणजे नमुना ६अ. साधा नमुना ६ भरू नका, तो भारतात राहणाऱ्यांसाठी आहे. निवडणूक आयोगाच्या व्होटर्स सर्व्हिस पोर्टलवर किंवा आयोगाच्या अ‍ॅपवर हा अर्ज ऑनलाइन भरता येतो. छापील अर्ज भरून टपालानं मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे पाठवता येतो. सुट्टीत गावी आलात तर हातोहातही देता येतो, मात्र तेव्हा मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. माझं मत विचाराल तर ऑनलाइनच भरा. संदर्भ क्रमांक लगेच मिळतो आणि अर्ज कुठं पोचला ते पाहता येतं.

भरायला बसण्याआधी हे जवळ ठेवा: पांढऱ्या पार्श्वभूमीचा अलीकडचा रंगीत फोटो, पासपोर्टच्या फोटोच्या पानाची आणि पत्त्याच्या पानाची प्रत, आणि चालू व्हिसा असलेल्या पानाची प्रत. टपालानं पाठवणार असाल तर प्रत्येक प्रतीवर स्वतःची सही हवी. अर्जात व्हिसाचा क्रमांक, प्रकार, दिल्याची आणि संपण्याची तारीख विचारतात. काही देशांत आता पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का मारत नाहीत, तिथं निवास परवान्यावरून ही माहिती भरा आणि त्याची प्रत जोडा.

नाव जसं पासपोर्टवर आहे तसंच टाका, घरी हाक मारतात ते नाही. मराठीतलं नाव यंत्रानं आपोआप उमटतं, तिथं थांबून नीट वाचा. काळे आडनावाचं 'काले' झालेलं असतं, आणि ते मागाहून नमुना ८ भरून दुरुस्त करत बसण्यापेक्षा तेव्हाच सुधारलेलं बरं.

अर्जाच्या शेवटी घोषणापत्र असतं. मी भारताचा नागरिक आहे, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेलं नाही, असं त्यात लिहून द्यावं लागतं. पुढं कधी नागरिकत्व बदललं किंवा कायमचं परत आलो तर कळवीन, हेही त्यात येतं. डोळे झाकून सही करू नका. खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

जुनं नाव यादीत असेल तर

बाहेर जाण्याआधी ज्यांनी मतदान केलेलं आहे, त्यांचं नाव गावच्या साध्या यादीत असतंच आणि ओळखपत्रही कपाटात असतं. मग नव्यानं नोंदणी कशाला, असं वाटणं साहजिक आहे. चार-सहा महिन्यांसाठी कंपनीनं पाठवलं असेल आणि घर गावातच असेल, तर नाव जिथं आहे तिथंच राहू द्या. तात्पुरतं बाहेर गेल्यानं सामान्य निवास संपत नाही, असं कायदाच सांगतो. पण ज्याचा संसार तिकडं लागला आहे, त्यानं साध्या यादीत नाव ठेवणं बरोबर नाही. एका माणसाचं नाव दोन ठिकाणी असता कामा नये. नमुना ६अ भरताना जुन्या ओळखपत्राचा क्रमांक द्या आणि जुनी नोंद वगळायला सांगा. अनिवासी मतदाराला ओळखपत्र देत नाहीत. पासपोर्ट हेच त्याचं ओळखपत्र.

बीएलओ घरी येईल तेव्हा

अर्ज भरला की काम झालं असं समजून लोक विसरून जातात. खरी परीक्षा त्यानंतर असते, आणि ती तुमची नाही, घरच्यांची असते.

अर्ज मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे गेला की तुमच्या भागाचा बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) पासपोर्टवरच्या पत्त्यावर पडताळणीला जातो. आपल्याकडे बीएलओ म्हणजे बहुतेक जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी, अंगणवाडीताई किंवा गावातलेच एखादे कर्मचारी. स्वतःचं काम संपवून, दुपारच्या उन्हात, हातात याद्यांचा गठ्ठा घेऊन ते दारात उभे राहतात. घरात एकटी आई. "अमुक अमुक इथंच राहतात का?" असं विचारलं की ती माउली खरं तेच सांगते: "न्हाई हो, त्यो तर दुबईला असतोय. चार-पाच वर्सं झाली." अंगणवाडीताईंकडं त्या दिवशी आणखी पन्नास घरं असतात. त्या कागदावर 'येथे राहत नाही' असं लिहून पुढच्या दाराकडं वळल्या, तर अर्जाचं काय होणार ते सांगायला नको.

आईचं काहीच चुकलेलं नसतं. तिला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून अर्ज भरल्या दिवशीच घरी फोन करा. आईला, वडिलांना, भावाला, वहिनीला सांगा की मी परदेशातला मतदार म्हणून अर्ज केला आहे, बीएलओ येतील, त्यांना सांगा की तो परदेशात आहे पण घर हेच आहे, आणि त्यानं त्यासाठीच ६अ भरला आहे. अर्जाचा संदर्भ क्रमांक आणि पासपोर्टच्या प्रती घरात छापून ठेवायला सांगा. कपाटात नको, दाराजवळच्या फळीवर. बीएलओ कोण आहेत ते गावात सगळ्यांना माहीत असतं. भावानं आधीच त्यांची भेट घेतली तर आणखी चांगलं.

घरी नातेवाईक कुणीच नसतील, किंवा नातेवाइकांच्या सांगण्यावरून अधिकाऱ्याचं समाधान झालं नाही, तर तुमचे कागद त्या देशातल्या भारतीय दूतावासाकडे पडताळणीला जातात. त्यात वेळ मोडतो. गावातलं घर कुलूपबंद असलेल्यांनी म्हणूनच अर्ज आणखी लवकर करावा.

निर्णय झाल्यावर तो तुम्हाला परदेशातल्या पत्त्यावर टपालानं आणि मोबाइलवर संदेशानं कळवतात. उत्तर आलं नाही तर घरच्या कुणाला तरी तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत पाठवा, किंवा त्यांना तिथून १९५० या क्रमांकावर फोन करायला सांगा.

नाव लागलं का, ते कुठं बघायचं

अनिवासी मतदारांची नावं त्या त्या भागाच्या यादीत अगदी शेवटी, वेगळ्या विभागात असतात. घरचे लोक आपल्या घर क्रमांकासमोर नाव शोधतात, ते सापडत नाही, आणि 'तुझं नावच नाही' असं कळवून मोकळे होतात. त्यांना शेवटचं पान बघायला सांगा. दरवर्षी पुनरीक्षणाच्या वेळी प्रारूप यादी लागते तेव्हाही नजर टाकायला सांगा. नाव एकदा लागलं म्हणजे कायम राहीलच असं नाही.

मुदत

उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादीत नवी नावं घालणं बंद होतं. २०२४ मध्ये कार्यक्रम १६ मार्चला जाहीर झाला आणि नांदेड, परभणी, हिंगोलीत उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख ४ एप्रिल होती. मध्ये तीन आठवडेसुद्धा नाहीत, आणि त्यात पडताळणी, हरकतींची मुदत, निर्णय हे सगळं बसवायचं. आचारसंहिता लागल्यावर जागं होणाऱ्याचं परदेशातून काम होणं फार अवघड. पुढची लोकसभा ठरल्या वेळेला झाली तर २०२९ मध्ये आहे. विधानसभेलाही हीच यादी चालते, आणि पोटनिवडणूक तर कधीही लागू शकते. नांदेडला नोव्हेंबर २०२४ मध्ये, लोकसभेनंतर सहा-सात महिन्यांतच, विधानसभेबरोबर लोकसभेची पोटनिवडणूकही झाली.

तिकीट आणि रजा

गेल्या दोन्ही लोकसभांना कार्यक्रम जाहीर झाल्यापासून मराठवाड्यातल्या पहिल्या मतदानापर्यंत सुमारे चाळीस दिवस होते. विमानाचं तिकीट स्वस्तात मिळायला हे दिवस कमीच. ज्यांना वर्षातून एकदाच गावी यायला मिळतं त्यांनी त्या वर्षीची रजा एप्रिल-मेसाठी राखून ठेवावी असं मी सुचवीन. लगीनसराईही तेव्हाच असते, त्यामुळे घरच्या कार्याला येणं आणि मतदान एकाच फेरीत जमू शकतं. मात्र त्याच दिवसांत रेल्वेचं आरक्षण मिळत नाही. देवगिरी, नंदीग्राम, तपोवन सगळ्या भरलेल्या असतात.

देगलूर, बिलोली, उदगीर, उमरगा या पट्ट्यातल्या माणसानं मुंबईला उतरण्याचा हट्ट धरू नये. हैदराबादचं विमानतळ त्यांना कितीतरी जवळ पडतं आणि आखातातून तिथं थेट विमानं येतात. मतदानाच्या आदल्या रात्री पोचण्याचा बेत करू नका, किमान दोन दिवस हाताशी ठेवा.

मतदानाच्या दिवशी

मूळ पासपोर्ट घेऊन जा. आधार कार्ड, जुनं ओळखपत्र, मोबाइलमधला पासपोर्टचा फोटो, यातलं काहीही अनिवासी मतदाराला चालत नाही. नोंदणीनंतर पासपोर्ट नवा काढला असेल तर जुना रद्द झालेला पासपोर्टही बरोबर असू द्या, कारण यादीतली नोंद जुन्या क्रमांकावरून झालेली असते. यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक कागदावर लिहून न्या.

केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांनी अनिवासी मतदार आधी पाहिलेलाच नसण्याची शक्यता मोठी आहे. ते नाव वरच्या पानांवर शोधतील आणि 'नाही' म्हणतील. शांतपणे सांगा की यादीच्या शेवटी परदेशातल्या मतदारांचा वेगळा विभाग आहे, तिथं बघा. तरीही अडलं तर केंद्राध्यक्षांशी बोला. पुढं सगळं इतरांसारखंच: नोंदवहीत सही, डाव्या तर्जनीला शाई, यंत्रावर बटण, आणि व्हीव्हीपॅटच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी. उन्हाचा विचार करून सकाळी सातलाच रांगेत लागा. मे महिन्यात आपल्याकडे अकरानंतर उभं राहवत नाही, आणि थंड देशातून आलेल्याला तर मुळीच नाही.

टपालानं मत का नाही

हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारत राहिलं पाहिजे. प्रतिनिधीमार्फत मतदानाची सोय देणारं विधेयक लोकसभेनं ऑगस्ट २०१८ मध्ये मंजूर केलं होतं. राज्यसभेत ते पुढं गेलं नाही आणि २०१९ मध्ये लोकसभेची मुदत संपताच बारगळलं. २०२० च्या अखेरीस निवडणूक आयोगानं अनिवासी मतदारांना टपाली मतपत्रिका द्यायची तयारी असल्याचं कायदा मंत्रालयाला कळवलं, पण ते प्रत्यक्षात आलं नाही. २०२४ मध्ये देशभरात १,१९,३७४ अनिवासी मतदारांची नोंद होती आणि मत दिलं ते फक्त २,९५८ जणांनी. त्यातले २,६७० एकट्या केरळचे. दम्मामला वेल्डिंग करणाऱ्या माणसाला एका मतासाठी महिन्याचा पगार तिकिटात घालायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. पण नियम बदलला तरी त्याचा लाभ यादीत नाव असलेल्यालाच मिळणार. आज येणं शक्य नसलं तरी नोंदणी करून ठेवावी, असं म्हणतो ते एवढ्यासाठी.

कायमचे परत आलात तर

मतदार नोंदणी अधिकाऱ्याला कळवा आणि जिथं राहायला आलात तिथं नमुना ६ भरून साध्या यादीत नाव घाला. तेव्हा तुम्हाला ओळखपत्रही मिळेल. परदेशातच राहून तिथला पत्ता बदलला असेल तर तोही कळवा, कारण तुमच्या नावाबद्दलची कुठलीही नोटीस त्याच पत्त्यावर येते. आणि ज्या दिवशी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घ्याल, त्या दिवशी इथलं नाव काढून टाकायला स्वतःहून लिहा.